मंगल, ट्रे धुऊ नकोस

रूथताई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी दोह्यातल्या आमच्या इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. तिच्या मुलाचा, निखिलचा मेसेज होता, इंग्रजीत, आई सकाळी गेली एवढाच. मी जुडी टोपलीत ठेवली, परत उचलली, परत ठेवली. दुकानदार म्हणाला, ‘‘दीदी, सब ठीक?’’ मी मान हलवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. तिथे दुसरा मेसेज आला. तोही इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर असा : काकू, तुम्ही तिला त्या दिवशी स्वयंपाक करू द्यायला नको होता.

याला सहा आठवडे झाले. त्या दुसऱ्या मेसेजला मी उत्तर दिलं नव्हतं. पोराची आई गेली होती, त्याच्याशी काय वाद घालायचा? पण मग ते वाक्य चार लोकांकडून फिरून माझ्याकडे आलं. भेटेल तो हळूच विचारायचा, ‘‘तुम्हीच होतात ना त्या दिवशी तिच्याबरोबर?’’ हो, मीच होते. करू दिला मी तिला स्वयंपाक. नुसता करू दिला नाही, हाताखाली उभी राहिले, सामान आणलं, खोटंही बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. आता का ते सांगते.

रूथताई मूळची नगर जिल्ह्यातली, मराठी ख्रिस्ती घरातली. इथे कतारला, दोह्यातल्या एका क्लिनिकमध्ये तिने वीस-बावीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. निखिल पाचवीत असताना नवरा गेला. लोक म्हणाले, आता परत जा. ही गेली नाही. ‘‘तिकडं जाऊन कुणाच्या ओसरीवर बसू?’’ असं मलाच एकदा विचारलं होतं तिने. फरीज बिन ओमरान या वस्तीत आमची दारं समोरासमोर होती. मी नाशिकहून नवी आलेली, नवरा दिवसभर साइटवर, आणि या गावात मला मराठीत ‘जेवलीस का’ विचारणारी ती पहिली बाई. आवाज असा, की तिने ‘जेवलीस का’ विचारलं तरी खालच्या मजल्यावरचे लोक उत्तर देतील.

नाताळ इथे सुट्टीचा दिवस नसतो. त्या दिवशी क्लिनिक चालू, शाळा चालू, सगळं चालू. म्हणून रूथताईचा नाताळ जवळच्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या वारी असायचा. ज्यांना घरी जाता आलं नाही ते सगळे तिच्या टेबलाला. केरळच्या नर्स, एक फिलिपिनो बाई, सातारा-बीडकडचे वेल्डर आणि ड्रायव्हर. वर्षभर मेसमध्ये जेवणारी ही माणसं इस्त्रीचे शर्ट घालून यायची आणि बूट दाराबाहेर ओळीने काढायची. आणि टेबलाच्या मधोमध टर्की! मी पहिल्यांदा विचारलं, ‘‘ताई, टर्कीच का? तुमच्याकडे नगरला नाताळाला टर्की करतात?’’ ती हसली. ‘‘कुठली गं? मटण करतो आम्ही. मटण, करंज्या, शंकरपाळे. टर्की मी इथं शिकले. शिकले म्हणजे, हट्टानं शिकले.’’

तो हट्ट असा. क्लिनिकमध्ये मॉरीन नावाची आयरिश हेडनर्स होती. नाताळाचं जेवण ती करायची आणि कोणी काय आणायचं त्याची यादी भिंतीवर लावायची. भारतीय नर्सच्या नावापुढे दरवर्षी भात आणि सॅलड. टर्कीवर ओतायच्या ग्रेव्हीपुढे मॉरीनचं स्वतःचं नाव. रूथताईने एकदा म्हटलं, ग्रेव्ही मी करते. तर कोणीतरी बोललं, ते तुमच्या लोकांचं काम नाही, तुम्ही त्यात मसाले घालाल. मॉरीन नाही बोलली ते, दुसरीच कोणीतरी, पण मॉरीन गप्प बसली. मग ही पुढची तीन वर्षं काकड्या चिरता चिरता मॉरीनच्या हाताकडे बघत राहिली. चौथ्या वर्षी ऐन वेळी मॉरीन तापाने आडवी झाली. एकीने पर्समधून ग्रेव्हीच्या पावडरीचं पाकीट काढलं, तेव्हा रूथताईने ते तिच्या हातातून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला. पुढची मजा अशी, की टेबलावरच्या कोणालाच कळलं नाही ग्रेव्ही कोणी केली ते. मॉरीनने घरी पाठवलेली वाटी चाखली आणि तिला बरोबर कळलं. दोह्यातून कायमची जाताना तिने आपला टर्की भाजायचा भलामोठा जाड ट्रे रूथताईला दिला. रूथताईने तो घेतला आणि वर म्हणाली, ‘‘यादी पण द्या.’’

आता माझा पराक्रम. माझा पहिला नाताळ. मी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आजही नाही. नाशिकला आईला मी सांगितलंच नव्हतं की समोर कोण राहतं आणि मी कोणाकडे चहा पिते. सांगितलं असतं तर तिने काय विचारलं असतं ते मला ठाऊक होतं आणि त्याची मला लाज वाटायची. त्यामुळे रूथताईच्या घरी मला सारखं दाखवून द्यायचं असायचं, की मी तसली नाही. म्हणून म्हटलं, ‘‘ताई, शिजवायला माझा हात लागणार नाही, पण भांडी मी घासते. सगळी.’’ रबरी मोजे घातले, ओढणी नाकाला बांधली. टर्की ट्रेमधून काढून परातीत ठेवली गेली आणि रूथताई आंघोळीला गेली. ट्रे समोर दिसला. आमच्या घरात भांडं रिकामं झालं, की ते तसंच ठेवत नाहीत. त्यात तळाला हे चिकटलेलं, करपलेलं, तपकिरी… मी तारेची घासणी घेतली आणि अर्धा तास घासला. असा घासला, की ट्यूबलाइट दिसत होती त्याच्यात. दिराने लग्नात दिलेली भांडीही मी कधी इतक्या मनापासून घासली नव्हती.

रूथताई केसांना टॉवेल गुंडाळून आली. ट्रेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

‘‘धुतलास?’’

‘‘हो!’’ मी म्हटलं, अगदी अभिमानाने.

‘‘लई चकचकीत केलास गं, बया…’’ असं म्हणून ती खुर्चीत बसली आणि मग तिने मला सांगितलं, की ग्रेव्ही म्हणजे तेच. ट्रेच्या तळाला जी खरवड धरते, तिच्यात गरम पाणी घालून, लाकडी उलथण्याने सोडवून घ्यायची, तिच्यातच सगळी चव. मी दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीवरून भावाशी मारामाऱ्या केलेली मुलगी! मला कळायला नको? मला रडूच कोसळलं. दोन तासांत माणसं येणार होती. रूथताईने मला रडू दिलं, साधारण मिनिटभर. मग उठली. ‘‘धुतला तर धुतला. हाडं आहेत ना?’’

तिने फ्रीजमधून टर्कीची मान, पंखांची टोकं काढली. पातेल्यात ती लालसर परतली. कांदा गॅसच्या जाळावर धरून काळा केला. गाजर, तमालपत्र, मिरी आणि पाणी घालून उकळत ठेवलं. दुसरीकडे लोण्यात पीठ भाजलं, आणि तेही मैदा नव्हे, कणीक, लापशीला भाजतो तशी, खमंग वास सुटेपर्यंत. मग त्यात डावाडावाने ते गाळलेलं पाणी. पुस्तकात वाइन घाला म्हणतात, ती इथे कुठली? हिने चमचाभर चिंचेचा कोळ घातला. शेवटी चमचा बुडवून उलटा धरला, पाठीवरून बोट ओढलं. रेघ तशीच राहिली. ‘‘झाली,’’ म्हणाली. बीडकडच्या एका ड्रायव्हरने ती भातावर घेतली, मग पोळीशी घेतली, मग वाटीने प्यायला.

दुसऱ्या दिवशी तिच्या सिंकच्या वर, टाइलवर, पांढऱ्या सर्जिकल टेपची पट्टी होती. नर्सचं घर, घरात चिकटपट्टी तीच. त्यावर बॉलपेनने : मंगल, ट्रे धुऊ नकोस. पुढे सतरा वर्षं ती पट्टी तिथे होती. पिवळी पडली, की ती काढून नवी लावायची. निखिलला गॅस कंपनीत नोकरी लागली, दोघं दोह्याबाहेर अल खोरला राहायला गेले, तर तिथेही पहिल्या दिवशी सामान उघडायच्या आधी पट्टी लागली. मी म्हटलं, ‘‘ताई, आता काय गरज आहे?’’ म्हणाली, ‘‘तुझा काय भरवसा, लई स्वच्छ बाई तू.’’ मी दरवर्षी जायची. खात नव्हते, चाखत नव्हते, आणि तिने एकदाही ‘थोडं तरी घे गं’ म्हटलं नाही. कांदा काळा करणं आणि कणीक भाजणं ही माझी कामं झाली. वासावरून मला कळायचं, कधी उतरवायची ते.

मागच्या उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला, यकृताचा, आणि उशिरा निघाला. तिने रिपोर्ट स्वतःच वाचला, डॉक्टरांच्या आधी. केमो झाली, केस गेले, त्याचं तिला काही नाही. एकच तक्रार होती. ‘‘जिभेला सगळं पत्र्यासारखं लागतंय गं. आमटी पत्रा, चहा पत्रा.’’ डिसेंबरात डॉक्टरांनी औषधं थांबवली. आता आराम, म्हणाले. आराम म्हणजे काय ते तिला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं, आयुष्यभर इतरांना तेच सांगत आली होती.

निखिलने सगळ्यांना फोन करून सांगितलं, या वर्षी जेवण नाही. चांगल्या मनानेच सांगितलं, हे मी कबूल करते. तिला कळलं तेव्हा तिने उशीला टेकून त्याच लोकांना एकेक करून परत फोन लावले. ‘‘शुक्रवारी चार वाजता. हो, आहे. कोण म्हणालं न्हाई? ये गपचूप.’’ मग निखिलला म्हणाली, ‘‘मी मेल्यावर रद्द कर.’’ आणि मग मला फोन. ‘‘मंगल, त्याची शुक्रवारी डे शिफ्ट आहे. टर्की तू आण. पण इथं आणून ठेवू नकोस, त्याला दिसेल.’’

गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सुटी व्हायला तीन दिवस लागतात. मंगळवारी सकाळी नवरा दूध घ्यायला फ्रीज उघडतो, तर खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रावर सहा किलोचा पक्षी. ज्या फ्रीजमध्ये कधी अंडं शिरलं नाही त्या फ्रीजमध्ये!

‘‘मंगल, हे काय आहे?’’

‘‘टर्की.’’

‘‘आपल्याकडे का?’’

‘‘निखिलला दिसायला नको म्हणून.’’

त्याने क्षणभर माझं तोंड बघितलं, फ्रीज लावला आणि म्हणाला, ‘‘दही वरच्या कप्प्यात घेतलंस ना?’’ या प्रश्नासाठी मी त्याचे पुढचे दहा गुन्हे माफ केले आहेत.

शुक्रवारी सकाळी निखिल कंपनीच्या बसने रास लफानच्या गॅस प्लांटवर गेल्यावर मी अल खोरला पोचले. टर्की मागच्या सीटवर पट्टा लावून. वाटेत समैस्माच्या फाट्यावर गाडी कडेला घेतली. खोटं नाही सांगत, परत फिरावं असं वाटलं. तिला काही झालं तर? निखिल मला सोडेल का? आणि मग डोळ्यांसमोर आलं, की ती आता उठून बसली असेल, लोकरीची टोपी घालून, दाराकडे कान लावून. मी गाडी सुरू केली.

ती स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली होती. पाय सुजलेले, चेहरा पिवळा, आणि तोंडाने हुकूम चालू. टर्की ओव्हनमध्ये मला ठेवायला लागली, माझ्या हातांनी, मोजे घालून. तिला ट्रे उचलवत नव्हता. सतरा वर्षांत मी पहिल्यांदा मांसाला हात लावला. बरं मग? काही आभाळ कोसळलं नाही. ट्रे बाहेर आला, खरवड सोडवली, पीठ भाजलं, पाणी घातलं… आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. चाखायची कोणी? हिच्या जिभेला पत्रा, आणि मी खात नाही! रूथताई इतकी हसली, की तिला ठसका लागला. ‘‘तू वास घे, मी रंग बघते,’’ म्हणाली. वास बरोबर होता, रंग बरोबर होता. मिठाचं काय? शेवटी बीडकडच्या त्या ड्रायव्हरला हॉलमधून हाक मारली. तो हात मागे बांधून शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला, चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. ‘‘ताई, मीठ कमी हाय जरा.’’ रूथताईने चिमटी उचलली आणि स्वतःच्या हाताने मीठ घातलं. ती चिमटी घालताना तिचा हात कापत नव्हता. मी बघत होते.

साडेपाचला निखिल आला. अंगात कंपनीचा निळा कव्हरॉल, पाठीला बॅग. टेबलाला अकरा माणसं, आणि त्याची आई टेबलाच्या टोकाला, खुर्चीत उशा लावून. ‘‘मॉम, यू आर किलिंग युअरसेल्फ,’’ असं तो म्हणाला. हळू म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

‘‘मला मारायला कॅन्सर बसलाय, ग्रेव्ही न्हाई. बस. ताट घे.’’

तो बसला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या खोलीत गेला. रूथताई दाराकडे बघत राहिली, मग तिने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. ‘‘घ्या रे, गार होतंय.’’ मी निघताना मला म्हणाली, ‘‘हाडं टाकू नकोस. पिशवीत भरून फ्रीझरला ठेव.’’ मी ठेवली. त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली.

समजा, तो दिवस नसता तर ती पंधराव्या दिवशी गेली असती. समजू या. चार दिवस जास्त, छताकडे बघत, पत्र्याची पेज गिळत, आणि टेबल रिकामं. ते चार दिवस कोणाचे होते? माझे नव्हते, निखिलचे नव्हते, डॉक्टरांचे तर नाहीच. तिचे होते. तिने ते खर्च केले, तिला हवे तसे. ज्यांना मला विचारायचंय त्यांनी समोर येऊन विचारावं, बकाल्यात कुजबुजू नये.

निखिलने तिला नगरला नेलं, तिथल्या मातीत ठेवलं आणि तो कामावर परतला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

‘‘काकू, फ्रीझरमध्ये एक बॅग आहे. बोन्सची. मला टाकता येत नाहीये.’’

‘‘टाकू नकोस. मी येते.’’

मी गेले. हाडं मॉरीनच्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनला लावली, लाल झाल्यावर पातेल्यात घातली. मी कांदा जाळावर धरला होता, पाठ वळलेली. मागे नळाचा आवाज आला. वळून बघते तो निखिल बाह्या दुमडून सिंकपाशी उभा, हातात घासणी, ट्रे अर्धा चकचकीत. त्याच्या नाकासमोर, टाइलवर, त्याच्या आईची पट्टी. बालवाडीपासून इंग्रजी शाळेत गेलेला मुलगा, मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. सतरा वर्षं ती अक्षरं त्याने बघितली आणि कधी विचारलं नाही.

‘‘काय झालं?’’ माझा चेहरा बघून तो घाबरला. ‘‘आय वॉज जस्ट हेल्पिंग.’’

मी त्याला पट्टी वाचून दाखवली. मग सांगितलं, माझा पहिला नाताळ, रबरी मोजे, सगळं. तो सिंकच्या कडेला हात टेकून उभा राहिला. नळ वाहत होता. ‘‘मी त्या दिवशी जेवलो नाही, काकू,’’ तो म्हणाला. मराठीत म्हणाला. ‘‘ती ताट घे म्हणाली, आणि मी…’’ त्याला रडूच कोसळलं. मी त्याला रडू दिलं, साधारण मिनिटभर. मग माझ्या तोंडून निघालं ते माझं नव्हतंच. ‘‘धुतला तर धुतला. हाडं आहेत ना?’’

लोणी घातलं, कणीक घातली, उलथणं त्याच्या हातात दिलं. पाणी डावाडावाने मी ओतत गेले. चिंचेचा कोळ त्याने घातला. वास मी घेतला, मीठ त्याने चाखलं, आणि चाखल्यावर बराच वेळ चमचा तोंडातून काढला नाही. मग खाली बघून ढवळता ढवळता म्हणाला, ‘‘मी अजून रागावलोय तुमच्यावर.’’

‘‘राहा रागावलेला,’’ मी म्हटलं. ‘‘पण हात थांबवू नकोस, तळाला लागेल.’’

तो थांबला नाही. मला त्याची माफी नको होती, आणि मी मागितलीही नाही. भातावर घालून उभ्याउभ्याच जेवला तो, दोनदा घेतलं.

निघताना मी तिच्या औषधांच्या ड्रॉवरमधून सर्जिकल टेप काढली. जुनी पट्टी तशीच राहू दिली, तिचं अक्षर आहे ते. तिच्याखाली एक नवी लावली : निखिल, ट्रे धुऊ नकोस. लिहिली मी, पण त्याच्याकडून बोट ठेवून वाचून घेतली, दोनदा.